पायी चढायचा नवस

नवस माझ्या नवऱ्याने बोलला नव्हता, मीही नाही. त्यांच्या मोठ्या बहिणीने बोलला होता, त्यांच्या पायांवर. आमच्या लोकांत हे चालते. आई मुलाचे केस बोलते, सासू सुनेच्या हातची ओटी बोलते, आणि ज्याचे नाव घेतले त्याने ते वेळ आल्यावर फेडायचे असते. त्याला विचारायची पद्धत नाही. त्यामुळे बहिणीने भावाचे पाय बोलले यात कुणाला वावगे वाटले नाही. त्या दिवशी मलाही वाटले नव्हते.

ते उल्हासनगरच्या एका कॅम्पात जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्तर होते. लांबलचक टेबलावर डेनिमचे थर एकावर एक अंथरायचे, वरच्या थरावर खडूने आखणी करायची आणि मग उभ्या पात्याचे मशीन त्या सगळ्या थरांतून एका दमात फिरवायचे. हे उभ्याचे काम. खुर्चीवर बसून ते होत नाही, कारण टेबलाभोवती मशीनबरोबर चालावे लागते. उजव्या पायावर भार देऊन ते वळत, म्हणून त्यांच्या प्रत्येक चपलेची उजवी टाच आधी झिजे. मी अंबरनाथच्या शाळेत ग्रंथपाल. संध्याकाळी दोघे घरी आलो की मी पुस्तक घेऊन बसे आणि ते पाय भिंतीला उंच लावून जमिनीवर आडवे पडत. बदलापूरच्या बेलवलीतल्या आमच्या बैठकीच्या भिंतीवर टाचांचे दोन मळकट ठसे होते. रंग काढताना मी कुरकुर करायची.

लघवीला जळजळ होऊ लागली, मुतखड्याचा संशय आला म्हणून सोनोग्राफी केली. खडा नव्हताच. सोनोग्राफी करणारी मुलगी एकाच जागी यंत्र फिरवत राहिली, तेव्हा मला कळले की काहीतरी दुसरेच दिसले आहे. मग मुंबईतल्या मोठ्या इस्पितळात सी.टी. झाला. हृदयातून निघून छातीतून पोटात उतरणारी जी मोठी रक्तवाहिनी, महाधमनी, ती खालच्या छातीपासून पोटापर्यंत फुगली होती. दुखत काहीच नव्हते. वर्षानुवर्षांची सिगरेट आणि कधी न मोजलेला रक्तदाब, एवढे कारण डॉक्टरांनी सांगितले आणि त्यावर प्रवचन दिले नाही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

सर्जन मध्यमवयीन होते, सावकाश बोलणारे. त्यांनी कोऱ्या कागदावर एक नळी काढली, मधे फुगवटा काढला आणि फांद्या दाखवल्या. या आतड्याला, या मूत्रपिंडांना. फुगलेला भाग उघडून तिथे कापडाची नळी शिवायची आणि या फांद्या त्या नळीला जोडायच्या. जांघेतून जाळीची नळी सरकवण्याचा सोपा मार्ग असतो, पण तुमच्या फांद्यांची जागा पाहता तो जमणार नाही, असे ते म्हणाले.

माझ्या नवऱ्याचे लक्ष एकाच शब्दावर होते. “कापड म्हणजे कसलं कापड, डॉक्टर?”

“पॉलिस्टर. तुमच्या धंद्यातलंच की.”

खणात नमुन्याचा एक तुकडा होता. तो त्यांनी दिला. पांढरी, बारीक चुण्यांची नळी. यांनी ती चिमटीत धरली, उभी ताणली, आडवी ताणली, खिडकीकडे धरून पाहिली. माझ्याकडे वळून म्हणाले, “विणलेलं आहे गं. माल चांगला आहे.” जणू आम्ही पडदे घ्यायला आलो होतो.

मग सर्जनांनी धोके सांगितले. मला हे स्पष्ट लिहायचे आहे, कारण पुढे अनेकांनी मला विचारले की तुम्हाला कुणी काही सांगितलेच नाही का. सांगितले. टेबलावर जीव जाऊ शकतो. मूत्रपिंडे बंद पडू शकतात. आणि या वाहिनीच्या पाठच्या बाजूने काही बारीक फांद्या निघतात, त्या मज्जारज्जूला रक्त देतात. त्यातल्या काही बंद कराव्या लागतात. क्वचित त्यामुळे पायांतली ताकद जाते. ते टाळायला आम्ही पाठीतून एक बारीक नळी घालून तिथले पाणी काढत राहतो. “होईलच असं नाही. पण सांगणं माझं काम आहे.”

“आणि नाही केलं तर?” मी विचारले.

“तर ती कधीतरी फुटेल. उद्या, किंवा काही वर्षांनी. फुटली की बदलापुराहून इथपर्यंत पोचायला वेळ मिळत नाही, बाई.”

हे सगळे आम्ही दोघांनी ऐकले. पण घरी पोचेपर्यंत त्यातले एकच उरले, जगतील की मरतील. बाकीचे कुठे गळून पडले ते मला सांगता येत नाही. आमच्याकडे ऑपरेशन म्हटले की प्रश्न एकच असतो. शेजारणीने विचारला, नणंदेने विचारला, शाळेत शिपायाने विचारला. वाचतील ना? चालतील ना, असे कुणी विचारले नाही. चालत्या माणसाबद्दल तो प्रश्न सुचत नाही.

मधले काही महिने त्या फुगवट्याबरोबर काढले. वजन उचलायचे नाही, जोर करायचा नाही, गोळ्या चुकवायच्या नाहीत. ते शिंकले की मी हातातले टाकून बघायची. कारखान्याच्या सिंधी मालकांनी, सेठनी, कापडाचे तागे उचलायला दुसरा माणूस लावला आणि टेबलाशेजारी एक स्टूल आणून ठेवले. “मास्टर, बैठो साईं, बैठ के ऑर्डर दो,” म्हणायचे. यांनी त्या स्टुलावर जेवणाचा डबा ठेवला. अखेर एक दिवस जेवताना म्हणाले, “कापायचं तर वेळेत कापावं. थरांची थप्पी सरकल्यावर कापण्यात अर्थ नसतो.” तो त्यांचा निर्णय होता. मी हो म्हटले.

इस्पितळात भरती व्हायच्या आधीच्या रविवारी घर माणसांनी भरले. आम्ही बोलावले नव्हते. लोक निरोप द्यायला येतात तसे आले, आणि निरोपाला येतात तसे भरपूर जेवले. चुलत दीर म्हणाला, “धडधाकट माणूस, कशाला पोट फाडून घेतो? माझ्या सासऱ्याचं असंच काय तरी निघालेलं. गोळ्या खाल्ल्या, म्हातारा होऊन गेला.”

“तुझ्या सासऱ्याला ॲसिडिटी होती,” हे म्हणाले. सगळे हसले.

नणंद नदीपलीकडच्या गावात राहते. शेत विकले गेले तरी ती अजून पहाटे उठून विकलेल्या शेताकडे चालत जाऊन येते. तिचे बोलणे अजून गावचे आहे. ती आली ती हळदीची पुडी घेऊनच. भावाला पाटावर बसवले, पाय ताटात ठेवायला लावले, धुतले, पुसले आणि दोन्ही अंगठ्यांना हळद लावली. मग देवीच्या डोंगराच्या दिशेने हात जोडून मोठ्याने म्हणाली, “आई, माझा भाव जिता घरी येऊं दे. तो सोताच्या पायानं डोंगर चढून तुला नारल देल.”

“ताई, पायऱ्या किती आहेत माहीत आहे ना? माझ्या वतीने बोलतेस,” ते म्हणाले.

“तू गप. चालायला तुला कुठं काय झालंय?”

खरेच होते. चालायला त्यांना काही झाले नव्हते.

ऑपरेशन दिवसभर चालले. संध्याकाळी सर्जन बाहेर आले, टोपी काढली आणि म्हणाले, व्यवस्थित झाले. दुसऱ्या दिवशी नळ्यांच्या जंजाळात त्यांना शुद्धीवर आणले तेव्हा मी दाराशी उभी होते. “पायाची बोटं हलवा,” नर्सने सांगितले. त्यांनी हलवली. दोन्ही पायांची. अंगठ्यांवर हळदीचा पिवळेपणा अजून थोडा होता. मी बाहेर येऊन सगळ्यांना फोन केले. नणंदेने गावात पेढे वाटले.

ती बोटे त्यानंतर हलली नाहीत. पुढच्या दिवशी रक्तदाब एकाएकी उतरला, डॉक्टरांनी तो चढवला, आणि त्या मधल्या वेळात पाय गेले. असे उशिराही होते, सर्जन म्हणाले. माणूस नीट उठतो, हालचाल करतो आणि मग मज्जारज्जूला रक्त कमी पडते. ते कॉरिडॉरमध्ये माझ्यासमोर उभे राहून बोलले, कनिष्ठ डॉक्टरला पाठवले नाही. पाठीतले पाणी जास्त काढून पाहिले, रक्तदाब मुद्दाम वर ठेवून पाहिला. काही दिवस सगळे यांच्या पायांना टोचून विचारत राहिले, कळतंय का? हे सभ्य माणूस. एकदा नर्सला म्हणाले, “थोडं कळतंय.” नंतर मला म्हणाले, “बिचारी सारखी विचारते. तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं.”

त्याच आठवड्यात आणखी एका माणसाचे असेच ऑपरेशन झाले होते. नाशिककडचा, यांच्यापेक्षा वयाने मोठा. तो सलाईनचा खांब धरून कॉरिडॉरमध्ये चालायला लागला. त्याची बायको चांगली बाई. मला चहा आणून देई आणि नवरा चालायला निघाला की त्याला आमच्या खोलीपासून उलट्या बाजूला वळवी. तिला तिचा आनंद माझ्यापासून लपवावा लागत होता. मला तिचा राग येई. त्याच्या सपाता फरशीवर घासल्याचा आवाज आला की मी दार लोटून घेई. तोच सर्जन, तेच कापड, तीच पाठीतली नळी. एकाला पाय राहिले आणि एकाचे गेले. यात न्याय शोधायला मी धार्मिक नव्हते, आणि न शोधता गप्प बसण्याइतकी शहाणीही नव्हते.

भेटायला येणारे म्हणत, “वाचले ना? मग झालं.” ऑपरेशन यशस्वी झाले असेच सगळे म्हणत होते. कागदावरही ते यशस्वीच होते. मी आयुष्यभर पुस्तकांना योग्य कप्प्यात ठेवण्याचे काम केले. यशस्वी हा शब्द कुठल्या कप्प्यात ठेवावा ते मला आजही कळलेले नाही.

घरी आणले तेव्हा इमारतीची लिफ्ट बंद होती. चौघांनी खुर्चीसकट वर आणले. न्हाणीघराच्या दारातून चाकाची खुर्ची जाईना. लघवीची पिशवी, कुशीवर वळवणे, पाठीला पावडर, चादरीची एकही सुरकुती राहू द्यायची नाही. हे मी शिकले. ज्या भिंतीवर टाचांचे ठसे होते तिच्याकडे डोके करून त्यांची खाट लावली होती, म्हणजे ते त्यांना दिसणार नाहीत.

सेठ भेटायला आले. सुक्यामेव्याचा डबा मांडीवर धरून बसले. मग म्हणाले, “मास्टर, मैं सोचता हूँ टेबल नीचा करवा देता हूँ. आप चेअर पे बैठ के काटना.”

हे हसले. “सेठ, टेबल नीचा करोगे तो बाकी सब लोग झुक के काम करेंगे. सबकी कमर जाएगी.”

“तो जाने दो साईं, उनकी कमर.”

सेठ जाईपर्यंत दोघे हसत होते. ते गेल्यावर यांनी तोंडावर पांघरूण ओढून घेतले.

तपासणीसाठी परत मुंबईला नेले. सी.टी. पडद्यावर लावून सर्जनांबरोबरच्या तरुण डॉक्टरने मनापासून सांगितले, “ग्राफ्ट एकदम सुंदर बसलाय, काका. कुठेही गळती नाही.”

“कापड चांगलंच होतं,” हे खुर्चीतून म्हणाले.

सर्जनांनी मान वर केली नाही. मला वाटते त्यांना कळले.

आणि मग नवस. पाठीच्या खालच्या भागाला पहिली जखम झाली तेव्हा नणंदेने ती पाहिली आणि बाहेर येऊन मला म्हणाली, “नवस ऱ्हायलाय. देवीनं तिचं केलं. तिनं त्याला जिता धाडला. आता तुम्ही तुमचं करा.”

“ताई, ते चढणार कसे?”

“चार पोरं खुर्ची उचलतील. पालखीसारखं.”

आतून आवाज आला. या घराच्या भिंती पातळ आहेत. “ताई, इकडे ये.”

ती आत गेली. मी दारात थांबले.

“तू काय बोललीस तिला? सोताच्या पायानं, असंच ना?”

“हां.”

“मग पोरांच्या पायानं गेलो तर चालेल का तिला?”

“देवी समजून घेते रे.”

“समजून घेते तर नारळ तूच दे ना. तू माझा जीव मागितलास आणि माझे पाय बोललीस. तिनं जीव दिला, पाय घेतले. तिच्या बाजूनं नवस फिटला, ताई. आता अजून काय पाहिजे तिला?”

नणंद रडली नाही. ती चिडली. “देवाची थट्टा करतो! म्हनून तुला बरा होत नाय!” असे म्हणत चप्पल घालून निघून गेली. नंतर प्रत्येक फेरीत तेच झाले. ताप आला, नवस. जखम चिघळली, नवस. तिला मी जखमेचे कारण समजावले, एकाच जागी दाब पडतो, संवेदना नसल्याने त्यांना कळत नाही. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, “तू शिकलेली हायेस. तुला पुस्तकातलं कलतं.” यात टोमणा होता आणि थोडा खरेपणाही. तिच्यापाशी निदान एक कारण होते, आणि त्यावर उपाय होता. डोंगर चढणे. माझ्यापाशी फक्त पावडर होती.

लघवीचा संसर्ग वारंवार होत होता. शेवटचा रक्तात गेला. बदलापुरातल्याच एका इस्पितळात ते गेले, दुपारी, मी त्यांच्या डोक्याखालची उशी सारखी करत असताना. त्यांच्या पोटातली कापडाची नळी शेवटपर्यंत ठाकठीक होती.

लोक आले. पुन्हा जेवले. “सुटले,” म्हणाले. चुलत दीर म्हणाला, “तेव्हाच सांगितलेलं मी.” कुणी म्हणाले ऑपरेशनने मारले. कुणी म्हणाले निदान एवढे दिवस मिळाले. मी नंतर पुष्कळ वाचले. ऑपरेशन न करता ते आज जिवंत असते का? असते, किंवा एखाद्या सकाळी कारखान्यात टेबलाशी कोसळले असते. सर्जनांनाही हे सांगता येणार नाही. माझ्याकडे उत्तर नाही, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांचा मला राग येतो.

वर्षश्राद्ध झाल्यावर नणंद आली. एका वर्षात तिची पाठ वाकली होती. देवळाच्या गुरवाला विचारून आली होती. माणूस नसला तर त्याच्या पायातले काहीतरी न्यावे, असे त्याने सांगितले म्हणे. “त्याच्या वापरातल्या चपला दे. ऱ्हायलेला नवस पुढं पोरांवर जातो.”

मला मूलबाळ नाही. पोरे तिची आहेत. तेव्हा मला कळले की ती घाबरली आहे, आणि गेली दोन वर्षे घाबरलेलीच आहे. तरी मी म्हटले, “मी पण येते.” चपला एकटीच्या हाती द्यायला माझे मन धजले नाही. माळ्यावरून काढल्या. उजवी टाच झिजलेली, डावी जवळजवळ शाबूत.

पायथ्याशी नारळ-फुलांची एक टपरी आहे. तिथे नारळ घेतला. टपरीवालीने नणंदेच्या पिशवीकडे पाहिले. “मावशी, पिशवीत चपला दिसतायत. खालीच काढा.”

“या घालायच्या नाय गो. नवसाच्या हायेत.”

“नवसाच्या असू दे नाय तर कशाच्या. चपला वर चालत नाय. चामड्याच्या तर नायच नाय.”

“गुरवानीच सांगलंय!”

“गुरव सांगतो. लोक शिव्या घालतात मना. ठेवा तिकडं, कोन नेत नाय.”

नणंद वाद घालायच्या तयारीत होती. मग एकदम ती पहिल्याच पायरीवर बसली. तोंडाला पदर लावून, अजिबात आवाज न करता रडली. भाऊ गेला त्या दिवशी तिने साऱ्या आळीला ऐकू जाईल असा गळा काढला होता. हे रडणे निराळे होते. मी तिच्या हातातून पिशवी घेतली आणि चपला काढून टपरीशेजारच्या रांगेत ठेवल्या. “तू जा वर,” मी म्हटले. “नारळ दे.”

“आनी तू?”

“मी नाही येत.”

ती एकेका पायरीवर थांबत चढली. तिचे गुडघे बरे नाहीत. मी टपरीच्या सावलीत बसून राहिले. रांगेत पुष्कळ चपला होत्या, बायकांच्या, मुलांच्या, एका कोपऱ्यात बुटांची जोडी. त्यांत त्यांच्या चपला वेगळ्या दिसत नव्हत्या. मालक वर गेला असेल आणि थोड्या वेळाने घाम पुसत उतरेल, अशाच दिसत होत्या. मला त्यांच्याकडे पाहवेना आणि दुसरीकडेही पाहवेना.

नणंद उतरली तेव्हा ऊन कलले होते. तिने अर्धा नारळ माझ्या हातावर ठेवला. “फिटला,” म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरचा ताण खरोखर उतरला होता. मी तो नारळ पिशवीत टाकला आणि चपला उचलायला वाकले.

टपरीवर आता टपरीवालीचा नवरा बसला होता. त्याने आम्हाला येताना पाहिले नव्हते. “ओ बाई,” तो ओरडला, “त्या जेंट्सच्या आहेत. ठेवा खाली. माणूस वर गेला असंल, उतरल्यावर काय घालंल?”

चपला मी छातीशी धरल्या होत्या.

“माझ्या घरच्याच आहेत,” मी म्हटले. “ते वर गेलेच नाहीत.”